तांदळातलं नाव

लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि सूक्ष्मजीवशास्त्रात पहिल्या वर्गात एम.एस्सी. झालेली होते. तरी पाटावर मान खाली घालून बसले. समोर चांदीच्या ताटात तांदूळ पसरले होते. ज्या माणसाशी त्याआधी माझं फार तर दोन तास बोलणं झालं होतं, त्याने अंगठीच्या कडेने त्या तांदळांत माझं नवं नाव लिहिलं. जमलेल्या बायकांनी ते वाचलं तेव्हाच मीही वाचलं. सासूबाईंनी पत्रिकेवरून अक्षर काढून आणलं होतं आणि त्या अक्षराचं नाव नणंदेने ठरवलं होतं, कारण तिच्या वर्गात त्या नावाची एक गोरी मुलगी होती. पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला.

बायका असल्या गोष्टी विसरून जातात. मीही विसरले असते. पण सहा वर्षांनी अमेरिकेच्या सरकारला त्या तांदळांची चौकशी करावीशी वाटली, म्हणून हे लिहिते आहे. यात कुणाचंच नाव नाही, माझीही दोन्ही नाहीत. दुसऱ्याच्या नावाला परस्पर हात लावू नये, एवढं तरी मी शिकले आहे.

ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं. आम्ही कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मागे जर्दाळूची एक बाग उरली होती, तीही थोडी थोडी तोडून तिथे ऑफिसं उभी राहत होती. नवरा चिप्स बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणत असे, कागदावर ‘तो’ म्हणायला आता हरकत नाही. त्याच्याकडे नोकरीचा व्हिसा होता आणि माझ्याकडे त्याची बायको असल्याचा. माझ्या व्हिशाचा अर्थ सरळ होता. ही बाई इथे राहू शकते, जेवू शकते, पाहुण्यांना जेवू घालू शकते, पण हिने नोकरी करायची नाही. लग्नानंतरही दोन वर्षं, नवऱ्याने बोलावून घेईपर्यंत, मी अमरावतीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवत होते. क्युपर्टिनोला आल्यापासून चार वर्षांत मी एकदाही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता. दुधाला विरजण लावायचं, एवढाच माझा जिवाणूंशी संबंध उरला होता.

इमारतीच्या धुण्याच्या खोलीत मला एक अमेरिकन बाई भेटायची. ती जवळच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. माझी डिग्री कळली तेव्हा ती टॉवेलची घडी अर्धी टाकून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, आमच्याकडे माणसं मिळत नाहीत, तू काय करते आहेस इथे? मी म्हटलं, कपडे धुते आहे. ती हसली नाही. ग्रीन कार्ड आलं की डिग्रीचे कागद घेऊन सरळ माझ्याकडे ये, असं तिने सांगितलं. त्या दिवसापासून मला कार्ड हवं झालं. नवऱ्याला ते हवं होतं कंपनी बदलायला आणि फ्रीमाँटला घर घ्यायला. मला ते त्या लॅबच्या दारातून आत जायला हवं होतं, बाकी कशालाही नाही.

नोकरीच्या जोरावर ग्रीन कार्डाचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज करायचा, तर आधी सिद्ध करायचं असतं की या नोकरीला अख्ख्या अमेरिकेत दुसरा माणूस मिळत नाही. म्हणून नवरा ज्या खुर्चीत रोज बसत होता, त्याच खुर्चीची जाहिरात त्याच्या कंपनीने रविवारच्या पेपरात दिली. अमुक विषयातली मास्टर्स, तमुक मशीनवर इतकी वर्षं, या पद्धतीचा अनुभव, त्या पद्धतीचा अनुभव. चष्म्याचा नंबर तेवढा लिहायचा राहिला होता. मुलगा ठरलेला असताना ‘वर पाहिजे’ म्हणून जाहिरात द्यावी, तशातला प्रकार. दोघा अमेरिकनांनी भाबडेपणाने अर्ज केले आणि कंपनीने ते अत्यंत खेदाने नाकारले. नवऱ्याने ते कात्रण साताऱ्याला आईकडे पाठवलं. अमेरिकेत आपल्या मुलासारखा दुसरा नाही हे छापून आलं, असं सासूबाईंनी आळीभर सांगितलं.

मग आमचे दोघांचे अर्ज आले. अर्ज भरण्याचं काम नवऱ्याचं. जेवणाच्या टेबलावर त्याने कागदांचे गठ्ठे लावले, तीन रंगांची पेनं घेतली आणि मला चहा करायला सांगितला. माझं काम सह्या करण्याचं. कुठे करायच्या तिथे त्याने पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. त्याआधी फोटो काढून झाले होते. सरकारला माझा चेहरा पाऊण चालत होता, पण उजवा कान मात्र पूर्ण हवा होता. त्यासाठी कुड्या काढून, केस मागे बांधून मी एका स्टुडिओत बसले. लग्नाच्या वेळी बघायला आलेल्यांनीही माझा कान इतका निरखून पाहिला नव्हता.

“तुझ्या आईचं लग्नाआधीचं नाव काय गं?” नवऱ्याने मान वर न करता विचारलं.

आडनाव माहीत होतं, मामांचं तेच. पण नाव? आजोळी तिला सगळे ‘बाई’ म्हणत. आमच्या घरात तिचं जे नाव चालत होतं, ते माझ्या आजीने तिच्या लग्नात ठेवलेलं. तिच्याही समोर असंच ताट आलं असणार, तांदूळ असणार. तीस वर्षांची झाले तरी मला माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं. जिवाणूंची लॅटिन नावं मात्र धडाधड पाठ होती. मला मनापासून लाज वाटली.

“काहीतरी टाकतो. कोण चेक करतंय?” तो म्हणाला आणि त्याने आईचं सासरचं नाव आणि मामांचं आडनाव जोडून लिहून टाकलं. अशा नावाची बाई जगात कधी झालीच नव्हती. पुढचा रकाना होता, याआधी वापरलेली इतर नावं. तिथे त्याने मोठ्या अक्षरांत ‘नाही’ लिहिलं. त्याने खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या लेखी माझी सुरुवात ताटापासूनच झाली होती, त्याआधीचं त्याला खरोखरच काही आठवलं नाही. आणि मी? मी फुली बघितली आणि सही केली. वाचलं नाही. एवढ्या शिक्षणाचा उपयोग काय, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं, पण त्या वेळी मी चहाचे कप उचलले.

आईला मी त्याच दिवशी एरोग्राम टाकला. उत्तर यायला तीन आठवडे लागले, तोपर्यंत अर्ज गेले होते. आईने तीन बाजू भरून मावसबहिणीच्या लग्नातल्या मानपानाचं लिहिलं होतं आणि शेवटी घडीच्या कडेला बारीक अक्षरांत होतं: “ते नाव तुला आता कशाला हवं? चौथीपर्यंत पाटीवर लिहीत असे.” आणि खाली नाव. चांगलं नाव होतं, तिला शोभणारं. पुढे तिने लिहिलं होतं, “तुझ्या बाबांना विचारू नकोस, त्यांना माहीत नसेल.” टपालाच्या पेट्यांसमोर उभी राहून मी रडले. तिच्यासाठी रडले की माझ्यासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दोन महिन्यांनी इमिग्रेशनच्या कचेरीतून पत्र आलं. नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि मला हाक मारली. हाक म्हणजे ‘अगं’. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण इतक्या हौसेने ठेवलेलं नवं नावसुद्धा त्याने कधी तोंडातून काढलं नव्हतं. ते ठेवायचं होतं, वापरायचं नव्हतं.

पत्राचा मतलब असा की तुमचे कागद जुळत नाहीत, खुलासा घेऊन दोघांनी इंटरव्ह्यूला या. आमचं लग्न कुठे नोंदवलेलं नव्हतं, म्हणून पुराव्यादाखल लग्नपत्रिका जोडली होती आणि तिच्यावर साहजिकच माझं माहेरचं नाव होतं. जन्मदाखल्यावर तर नावच नव्हतं, नुसतं ‘स्त्री जातीचे अपत्य’ होतं, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जोडला होता. त्यावरही माहेरचं नाव. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, त्यावर सासरचं नाव. आणि अर्जात शपथेवर लिहिलेलं, की या बाईला दुसरं नाव कधीच नव्हतं. थोडक्यात, कागदांप्रमाणे माझ्या नवऱ्याने साताऱ्यात एका बाईशी लग्न केलं होतं आणि कॅलिफोर्नियात भलतीच आणली होती. पहिलीचं काय झालं, ते सरकार विचारत होतं. प्रश्न बिनतोड होता. मला स्वतःलाच तो सहा वर्षांत सुचला नव्हता.

“ह्या लोकांना कल्चरच नाही,” नवरा म्हणाला. “आपल्याकडे नाव बदलतात एवढं साधं कळत नाही? आता तुझ्यामुळे माझी पण फाइल होल्डवर जाणार.”

“माझ्यामुळे?”

“मग कुणामुळे? दोन नावं माझी आहेत का?”

फाइल अडकली तर माझीही लॅब अडकत होती. मी पत्राची घडी घालून ते पाकिटात ठेवलं.

शनिवारी आम्ही फ्रीमाँटच्या काकांकडे गेलो. हे काका आमचे नात्याने कोणी नव्हेत. पंधरा वर्षांपूर्वी आले आणि सिटिझन झाले, एवढ्या भांडवलावर सगळ्या बे एरियातल्या मराठी माणसांना सल्ले देत. ग्रीन कार्ड, इन्शुरन्स, मुलीचं लग्न, गुडघेदुखी, कशावरही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी त्यांच्या फॅमिली रूममध्ये प्रत्यक्ष पाहिलं. त्यांनी सांगितलं, इंटरव्ह्यूला साडी नेस, पण भारी नको. टिकली लाव, पण छोटी. ऑफिसरने विचारलं तेवढंच बोल, आणि शक्यतो मिस्टरांना बोलू दे.

“आणि नावाचं काय, काका?” मी विचारलं.

“अगं, नावात काय पडलंय? माणूस महत्त्वाचा,” काका म्हणाले. त्यांनी स्वतः सिटिझन होताना आपलं आडनाव बदलायला साफ नकार दिला होता, हे ते दर शनिवारी सांगत.

कंपनीच्या वकिलाने सांगितलं की नाव ज्यांनी ठेवलं त्यांचं शपथपत्र आणा. नवऱ्याने साताऱ्याला पत्र लिहिलं. सासूबाईंचं उत्तर वेळेत आलं, ही एकच चांगली गोष्ट. “घरातल्या गोष्टी कोर्टात नेण्याची आपल्याकडे रीत नाही,” त्यांनी लिहिलं होतं. “आणि नाव बदललं असं म्हणायचंच कशाला? सौ.चं नाव पहिल्यापासून हेच होतं असं लिहून द्यावं, म्हणजे प्रश्न मिटेल.” माझी चोवीस वर्षं, शाळा, कॉलेज, दोन परीक्षांतली बक्षिसं, सगळं एका ओळीत मिटलं. ज्या बाईने मांडवात सगळ्यांच्या देखत मला नाव दिलं, तिने वेळ आल्यावर कानांवर हात ठेवले. मला राग आला तो आला, पण आश्चर्य वाटलं नाही.

शेवटी पुरावा निघाला तो लग्नाच्या अल्बममध्ये. फोटोग्राफरने ताटाचा जवळून फोटो काढला होता. पांढरे तांदूळ, त्यांत कोरलेली अक्षरं, कडेला सुपारी आणि झेंडूची फुलं. तो फोटो अल्बममधून सोडवून घेऊन नवरा काकांकडे गेला, कारण इंग्रजी भाषांतराला तिऱ्हाईताची सही लागत होती. मीही बरोबर होते. काकांनी टाइपरायटर काढला. सोबतच्या छायाचित्रात तांदूळ दिसत असून त्यांत मराठीत एक स्त्रीनाम लिहिलेले आहे, मला दोन्ही भाषा उत्तम येतात, वगैरे. मग तांदूळ कच्चे असल्याचं लिहावं की नाही, यावर दोघांची चर्चा सुरू झाली. नुसतं तांदूळ लिहिलं तर अमेरिकन माणूस भात समजेल, असं काकांचं म्हणणं. कच्चे लिहिलं तर अडाणी रिवाज वाटेल, असं नवऱ्याचं. अर्धा तास हे चाललं होतं. ताटाच्या काठाशी फोटोत एक हात आला होता, मेंदीचा, मूठ घट्ट आवळलेली. तो माझा हात होता. दोघांपैकी एकानेही त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तो त्या दिवशीच पहिल्यांदा नीट पाहिला.

इंटरव्ह्यू सॅन फ्रान्सिस्कोला होता. साडी नेसले, छोटी टिकली लावली. ऑफिसर साठीच्या आसपासचा जाडजूड माणूस होता, टायवर कसलातरी पिवळा डाग. त्याने फाइल उघडली, नवऱ्याला चार प्रश्न विचारले, ते पटापट संपले. मग म्हणाला, तुम्ही जरा बाहेर बसा, मला फक्त यांच्याशी बोलायचं आहे. नवरा उठता उठता म्हणाला, तिला इंग्लिशची सवय नाही, मी थांबतो. मी चार वर्षं त्याच्या कंपनीतल्या लोकांना इंग्रजीत आग्रह करकरून वाढत होते. ऑफिसरने दाराकडे बोट केलं.

आम्ही दोघंच उरलो. त्याने फोटो पुढे ठेवला.

“हे काय आहे?”

“तांदूळ,” मी म्हटलं. “कच्चे.”

“कोणी लिहिलं?”

“माझ्या नवऱ्याने.”

“नाव कोणी निवडलं?”

“त्याच्या बहिणीने.”

त्याने चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही कुठे सही केली होती का? कोर्टात, रजिस्टरमध्ये?”

“नाही.”

“तुम्हाला हे नाव हवं होतं का?”

तो माणूस कनवाळू बिनवाळू होता असं कुणी समजू नये. तो कंटाळलेला होता, बाहेर अजून वीसएक माणसं बसली होती आणि त्याला फाइल संपवायची होती. तो रकाना भरत होता. पण आईने, वडिलांनी, गुरुजींनी, नवऱ्याने, एकानेही हा प्रश्न मला विचारला नव्हता आणि टायवर डाग पडलेल्या एका परक्या माणसाने तो मध्येच कागद उलटता उलटता विचारला. मी म्हटलं, “नाही, नको होतं.” एवढं म्हणायला मला सहा वर्षं लागली.

“हं,” तो म्हणाला. “कोर्टाचा हुकूम नाही म्हणजे माझ्या दृष्टीने नाव बदललेलं नाही. तांदूळ आमच्या यादीत नाहीत. कार्डावर पासपोर्टवरचं नाव हवं असेल तर आणखी शपथपत्रं लागतील. शाळेच्या दाखल्यावरचं हवं असेल तर मी आत्ताच दुरुस्ती करतो, पासपोर्ट तुम्ही कॉन्सुलेटमधून बदलून घ्यायचा. कुठलं घालू?”

बाहेर बसलेल्या नवऱ्याचा विचार माझ्या मनात आला, नाही असं नाही. सासूबाईंचाही आला. मग डिग्रीचा आला. एम.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर जे नाव होतं, तेच कार्डावर आलं तर लॅबमध्ये मला कुणाला तांदूळ दाखवावे लागणार नव्हते. मी दाखल्यावरचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. त्याने लाल पेनाने ‘नाही’ खोडलं, जुनं नाव वर चढवलं, नवं नाव ‘इतर नावं’च्या रकान्यात उतरवलं आणि प्रत्येक दुरुस्तीपाशी मला सही करायला लावली. या सह्या मी वाचून केल्या.

“आणखी एक चुकलं आहे,” मी म्हटलं. “माझ्या आईचं नाव.”

“त्याने काही बिघडत नाही.”

“बिघडतं,” मी म्हटलं.

त्याने सुस्कारा सोडला. मी एकेक अक्षर सांगितलं आणि त्याने लिहिलं. पाटी सुटल्यानंतर माझ्या आईचं खरं नाव कागदावर कुणी लिहिलं असेल तर ते त्या माणसाने, सरकारी लाल शाईत. आईला हे मी पत्रातून कळवलं, तिने त्यावर काहीच लिहिलं नाही. पण पुढच्या पत्राखाली ‘तुझी आई’च्या शेजारी तेच नाव होतं.

बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, “काय विचारत होता एवढं?”

“तांदळांबद्दल.”

“बघ,” तो खूश होऊन म्हणाला. “फोटोची आयडिया कामी आली.” पार्किंगमधून गाडी काढून फ्रीवेला लागेपर्यंत तो त्या आयडियाचं कौतुक करत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. भ्याले होते, दुसरं कारण नाही.

कार्डं टपालाने आली, एक गुरुवारी आणि एक शनिवारी. गुरुवारचं त्याचं होतं, त्याने ते काकांना फोनवर वाचून दाखवलं. शनिवारचं मी स्वतः पेटीतून आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. उजवा कान छान आला होता. त्याने कार्ड उलटसुलट केलं.

“चुकलंय त्यांचं. करेक्शनला पाठवू.”

“चुकलं नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं.”

“म्हणजे तू हे...” तो थांबला. “आईला काय सांगू?”

“सांगा, तांदूळ त्यांच्या यादीत नाहीत.”

तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला लागला, जणू काही झालंच नाही अशा आवाजात. मला वाटलं, पचवलं. पुरुष काय पचवतात आणि काय नुसतं बाजूला सारतात, यातला फरक मला तेव्हा कळत नव्हता. मी डिग्रीचे कागद आणि कार्ड घेऊन धुण्याच्या खोलीतल्या त्या बाईबरोबर लॅबमध्ये गेले, अर्ज भरला, स्वतःच्या हाताने. नाव, आडनाव, फोन नंबर. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी लावून दिली. चार वर्षांनी डोळा लावला आणि सगळं ओळखीचं दिसलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की हॉस्पिटलमध्ये अर्ज दिला आहे, पंधरा दिवसांत फोन येईल. “बघ, जमलं तर,” तो म्हणाला.

पंधरा दिवस मी फोनपासून हलले नाही. सोळाव्या दिवशी नवरा सर्दीने घरी होता आणि घरात तूरडाळ संपली होती. मी सनीवेलच्या दुकानात जाऊन आले, दीड तास लागला असेल. येऊन स्वयंपाक केला, पानं घेतली.

“आज दोनदा राँग नंबर आला,” तो भात कालवत म्हणाला. “कुठल्यातरी हॉस्पिटलमधून. एका बाईला मागत होते.”

“कुठल्या बाईला?”

त्याने नाव सांगितलं. पहिलं नाव आणि मग माझ्या वडिलांचं आडनाव, स्वच्छ, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. सहा वर्षांत त्याच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? म्हटलं, अशी कोणी बाई इथे राहत नाही. परत करू नका. आमटी वाढ.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्याने मुद्दाम केलं असतं तर मला एका परीने बरं वाटलं असतं. मुद्दाम करायला आधी नाव लक्षात असावं लागतं. पण तो नाक ओढत वाटी पुढे करून बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांत काही लपवल्याची खूणसुद्धा नव्हती. लग्नपत्रिकेवर वाचलेलं, सरकारच्या पत्रात वाचलेलं, माझ्या कार्डावर वाचलेलं ते नाव त्याच्या कानांवर दोनदा पडलं, आणि त्याला कोणीच आठवलं नाही. दोन हात अंतरावरच्या कपाटात ते कार्ड होतं. अमेरिकेच्या सरकारने जिला इथे कायमचं राहायची परवानगी दिली होती, ती इथे राहत नाही असं माझ्या नवऱ्याने सर्दीच्या आवाजात परस्पर सांगून टाकलं होतं. मी आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईने कागद चाळले आणि म्हणाली, या नंबरवर काल आम्ही दोनदा केला होता, ती तिथे राहत नाही असं सांगितलं. आपण कोण बोलता?

मी नाव सांगितलं. “राहते,” मी म्हटलं. “मी इथेच राहते. कधीपासून येऊ?”